गेनू फौजदाराची अटक

"हात वर करा म्हणजे झालं," नेवासकर साहेब म्हणाले. "ठराव एकमतानं मंजूर, असं लिहायला बरं पडतं."

बाररूममधले सगळे हात वर गेले. खिडकीपाशी पान जमवत बसलेल्या भुजंगे वकिलांनी चुन्याचं बोट तेवढं उचललं, आणि तेही मतात धरलं गेलं. माझा हात टेबलाखाली होता. तो तिथंच राहिला.

"टाकसाळे, तुमचा?"

"साहेब, हा ठराव कुठल्या आरोपीबद्दल आहे?"

"कुठल्याही. देशाच्या सुरक्षेच्या प्रकरणात पोलिसांनी धरलेल्या कुणाचंही वकीलपत्र भोरवडचा वकील घेणार नाही. यात न समजण्यासारखं काय आहे?"

"आणि धरलेला माणूस निर्दोष असला तर?"

"तर सुटेल की."

"वकिलाशिवाय?"

भुजंगे वकील पानासकट हसले. नेवासकर साहेब हसले नाहीत. मी त्यांची ज्युनिअर. सनद मिळून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि त्यांच्या ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मी जे काही शिकले ते सगळं त्यांनीच शिकवलेलं. न्यायाधीश चिडलेले असताना गप्प कसं बसायचं हेसुद्धा त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हा मी भर बाररूममध्ये तोंड उघडावं, हे त्यांना रुचलं नसणार.

त्यांचं सगळंच चुकत होतं असंही नाही. आदल्या आठवड्यात एका मोठ्या शहरात स्फोट झाले होते आणि टीव्हीवर दिवसभर दुसरं काही नव्हतं. आमचं भोरवड तसं आडवळणाचं तालुक्याचं गाव, पण वेशीबाहेर लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो. डेपोला काही झालं तर भोरवडची राखसुद्धा सापडायची नाही, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेलो. तालुक्यात जमावबंदी लागली होती. पाच माणसं एकत्र दिसली की पोलीस काठी आपटत यायचे. सगळं गाव घाबरलेलं होतं, आणि घाबरलेल्या माणसांना ठराव करायला फार आवडतं.

तेवढ्यात बाररूमच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, पाय धुळीनं भरलेले.

"वकील पायजे व्हता," ती म्हणाली. "मी पारू. गेनू शेगराची मालकीण."

वर गेलेले हात एव्हाना खाली आले होते. आता मानाही खाली गेल्या.

गेनू शेगराला भोरवडमध्ये न ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता. तो बहुरूपी. बाजरीची खळी उरकली की दरसाल त्याचं पाल डेपोच्या रस्त्याला पडायचं आणि दुसऱ्या दिवसापासून तो पोलीस होऊन दारोदार फिरायचा. कुठल्याशा बँडवाल्याचा जुना खाकी कोट, त्यावर सोड्याच्या बाटल्यांच्या बुचांची पदकं, कमरेला लाकडी पिस्तूल, ओठावर काजळाची मिशी. दारात उभा राहून ओरडायचा, "घरात कोन हाय? वारंट हाय!" मग तो गुन्हा वाचायचा. माझ्या आईला त्यानं एका वर्षी मूठभर डाळीला तांब्याभर पाण्यात पोहायला लावलं म्हणून धरलं होतं. डाळीनं स्वतः ठाण्यात येऊन तक्रार दिली, म्हणे. आई पोट धरधरून हसली होती आणि पायलीभर धान्य देऊन जामिनावर सुटली होती. नेवासकर साहेबांना तर त्यानं याच बाररूममध्ये धरलं होतं. काळ्या कोटाला सुरकुती पडू देऊन कायद्याचा चेहरा बिघडवल्याचा आरोप होता. साहेबांनी तेव्हा आनंदानं गुन्हा कबूल केला होता.

"गुरवारी दुपारी पोलीस आलं आन् मालकाला पालातनं उचललं," पारूबाई सांगू लागली. "मी इचारलं, काय केलं त्यानं? म्हन्ले, गप ऱ्हा. रोज ठान्याच्या दारात बसते. रैवारी संद्याकाळी जज साह्यबाच्या बंगल्यावर नेऊन आनला. आता म्हनत्यात, उद्या शेरातलं पथक येनार आन् त्याला घिऊन जानार. किती दिस, कुटं, कशापायी, कोन सांगंना."

अखेर नेवासकर साहेबांनीच घसा खाकरला. आवाज मऊ होता, हे खरं.

"बाई, आत्ताच ठराव झालाय."

तिला ठराव म्हणजे काय ते कळलं नाही. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. यातल्या प्रत्येकाच्या दारी तिच्या नवऱ्यानं हसू पोचवलं होतं आणि आता एक माणूस वर बघायला तयार नव्हता. मला एवढा संताप आला की मी उभी राहिले ते मलाही नंतर कळलं.

"मी घेते वकीलपत्र."

"टाकसाळे," नेवासकर साहेब शांतपणे म्हणाले, "मग माझ्या ऑफिसात तुम्हाला बसता येणार नाही. मी या संघाचा अध्यक्ष आहे."

"समजलं, साहेब."

समजलं म्हणाले खरी, पण बाहेर आल्यावर कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाच्या पारावर बसून राहिले. पारूबाई शेजारी बसली. तिला वाटलं, वकील विचार करतायत.

अटकेमागचं सगळं कळलं ते हवालदार कुसमाडे यांच्याकडून. कुसमाडे आमच्या गल्लीतले. नोकरीवर आच येऊ न देता कुणाला काय सांगावं याचं त्यांना चांगलं भान होतं.

भोरवडला नवे फौजदार आले होते, प्रशांत नन्नावरे. चंद्रपूरकडचे, वयानं तरुण, कामाला वाघ आणि बोलण्याला कंजूष. स्फोटांनंतर वरून हुकूम आला तसे ते शिपाई घेऊन डेपोमागच्या पानसंबळ वस्तीवर चौकशीला गेले. पहिल्याच घरात सरूआक्का ओसरीवर बाजरी पाखडत बसलेली. फौजदारांनी दरडावून विचारलं, "घरात कोण कोण असतं? आठ दिवसांत अनोळखी कोण आलं?"

सरूआक्काला गेनूनं चार दिवसांपूर्वीच सांगितलं होतं की यंदा पुतण्याही धंद्याला लागलाय, तोही येऊन जाईल. तिनं दारातल्या खाकी माणसाला आपादमस्तक न्याहाळलं आणि खूश होऊन म्हणाली, "चुलत्यापरीस झाक दिसतूस रं!" मग उठली आणि, कुसमाड्यांच्या शब्दांत सांगायचं तर, साहेबांची मिशी धरून ओढून बघितली. मिशी निघेना. तरी तिनं सूपभर बाजरी आणून त्यांच्यापुढे धरली.

मागे उभ्या शिपायांना हसू आवरेना. फौजदारांना आवरण्यासारखं काही नव्हतंच, त्यांना हसू आलंच नव्हतं. चुलता कोण, हे त्यांनी तिथंच विचारून घेतलं. खाकी घातलेला एक माणूस डेपोच्या बाहेरच्या फाटकापर्यंत बिनदिक्कत जातो, पहारेकऱ्यांना अटक करतो आणि पहारेकरी हसून त्याला चहा पाजतात, हेही कळलं. तिथून फौजदार थेट गेनूच्या पालावर गेले.

मी ठाण्यात गेले तेव्हा नन्नावरे टेबलावर नकाशा पसरून बसले होते.

"मला माझ्या अशिलाला भेटायचंय."

"भेटता येणार नाही. प्रकरण सुरक्षेचं आहे."

"साहेब, त्याला वकील मिळण्याचा हक्क संविधानानं दिलाय. त्यात सुरक्षेचं प्रकरण वगळून, असं लिहिलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पार थकलेला माणूस पाहतो तसं.

"मॅडम, मी जिथून आलो तिथं रस्त्याच्या कडेला एक जेवणाचा डबा पडला होता. माझा मित्र म्हणाला, कुणाचा तरी पडलाय बिचाऱ्याचा, आणि उचलायला वाकला. त्याच्या लग्नाला मी नाचलो होतो. त्याला पोत्यात घालूनही मीच नेला." त्यांनी नकाशाची घडी घातली. "इथं एक माणूस खाकी घालून दारूगोळ्याच्या फाटकापर्यंत जातो आणि सगळे हसतात. उद्या त्याच्यासारखा कपडा घालून दुसराच कुणी आला तर? तुम्ही सांगा, मी हसू?"

त्यांचं म्हणणं खरंच होतं.

"फाटकावरचा पहारा कडक करा," मी म्हणाले. "मीच अर्ज लिहून देते. पण गेनूनं काय केलं?"

"ते चौकशीत कळेल."

"म्हणजे आधी धरायचं आणि मग कारण शोधायचं?"

त्यांनी कुसमाड्यांना खूण केली आणि मला आत जाऊ दिलं.

कोठडीतला गेनू मी ओळखलाच नाही. कोट नाही, मिशी नाही, पदकं नाहीत. बनियनमधला एक खांदे पडलेला माणूस भिंतीला टेकून बसला होता. मारहाण झालेली नव्हती, एवढं बघून मला हायसं वाटलं. ज्या माणसाच्या तोंडाचा पट्टा अख्खं गाव थांबवू शकत नव्हतं तो एकेक शब्द शोधून बोलत होता.

"वकीलबाई, त्यान्ला एवढंच इचारा, मी काय केलं. चोरी म्हना, दरोडा म्हना, कायबी म्हना. नाव तरी कळू द्या. हितं बसून मीच माझं गुन्हं शोधतुया. लहानपनापासूनचं आठवून झालं."

त्याला मी काय सांगणार होते? दुसऱ्या दिवशीच्या सुनावणीत त्याला दहशतवादविरोधी पथकाच्या ताब्यात दिलं तर तो शहरात जाणार आणि तिथून त्याचा ठावठिकाणा लागायला महिने जाणार, हे मला ठाऊक होतं. तो खरंच बहुरूपी आहे आणि त्यानं कधी कुणाला फसवलेलं नाही, एवढं सांगणारी दोन माणसं कोर्टात उभी राहिली असती तरी पुरलं असतं. दोनच माणसं, ज्या गावात त्यानं प्रत्येकाला अटक केली होती!

मी दुपारभर वणवण केली. किराणा दुकानदार म्हणाला, गेनू लाखात एक माणूस, पण माझं नाव नको. शाळेच्या हेडमास्तरांनी मला चहा दिला, गेनूच्या आठवणी सांगून हसवलं आणि निरोप देताना सांगितलं की ते उद्या परगावी असतील. कुणी वाईट नव्हतं. सगळ्यांची एकच भीती: ओळखतो म्हणालो तर उद्या मलाही बोलावतील.

उन्हं कलली तेव्हा मी सरूआक्काच्या ओसरीवर पोचले. तिचा मुलगा दत्तू नुकताच कामावरून आला होता. तो डेपोतच कंत्राटी कामगार. मी काय म्हणते ते त्यानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"न्हाई म्हंजे न्हाई, मॅडम. हिनं मिशी वढली तवाच माझा पास जायचा, देवानं वाचवलं. आता ही कोर्टात गेली तर उद्या मला फाटकातनं आत सोडतील का? घरात चार तोंडं हायती."

मला भांडावंसं वाटलं नाही. त्याची चूक काय होती? मी उठले. आक्कानं मला पायरीवर थांबवलं.

"पोरी, येक सांग. गेनूला धरला तो कशापायी?"

"माहीत नाही, आक्का. सांगितलंच नाही."

"तुला न्हाई सांगितलं, का त्याला?"

"त्यालासुद्धा नाही."

"आन् त्याच्या बायकूला?"

"तिलाही नाही."

आक्का जराशी पुढं झाली. "आसं न सांगता धरता येतं व्हय कुनालाबी?"

"येत नाही. पण सगळे गप्प बसले तर येतं."

"म्हंजे उद्या माझ्या दत्तूलाबी..." ती वाक्य पुरं न करता लेकाकडे बघत राहिली. दत्तू पाय धुवायला म्हणून मागच्या दारी निघून गेला. मीही निघाले. माझ्या मनातली आशा त्या ओसरीवरच संपली होती आणि घरी जाऊन मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

मंगळवारी सकाळी मॅजिस्ट्रेट गुरसाळे साहेबांच्या कोर्टात मी एकटी उभी होते. शहरातलं पथक साध्या कपड्यांत पुढच्या बाकावर बसलेलं. मागच्या भिंतीला टेकून बारचे दोन-तीन वकील, त्यांत नेवासकर साहेब. गेनू आरोपीच्या जागी, पारूबाई दाराशी.

सरकारी वकिलांचं म्हणणं थोडक्यात होतं. देशावर संकट आहे. आरोपी पोलिसाच्या वेशात संरक्षित क्षेत्राजवळ सापडला. सखोल चौकशीसाठी त्याला पथकाच्या ताब्यात द्यावं. आरोपीला वकिलाची गरज नाही असं ते म्हणाले नाहीत, पण माझ्याकडे बघून जे हसले त्याचा अर्थ तोच होता.

मी तारखांपासून सुरुवात केली. गुरुवारी धरलेला माणूस रविवारी अटक दाखवला. तीन दिवस तो कागदावर कुठंच नव्हता. धरण्याचं कारण त्याला सांगितलं नाही, घरच्यांना सांगितलं नाही, वकील मिळू दिला नाही. वेश घेणं हा गुन्हा व्हायला फसवण्याचा हेतू लागतो, आणि हा माणूस...

"हा माणूस कोण आहे याचा काही पुरावा?" गुरसाळे साहेबांनी विचारलं. ते बदलून येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या दारी गेनू अजून गेला नव्हता.

"सर, अख्खं गाव त्याला ओळखतं."

"गाव कुठं आहे?"

मी दाराकडे पाहिलं. तिथं एकटी पारूबाई होती. तेवढ्यात बाहेरून कुसमाड्यांचा आवाज आला, "आवो आक्का, थांबा, जमावबंदी हाय!"

"म्हनून तर चौघी-चौघी आलो!" सरूआक्का ओरडली.

ती दारात आली. मागे तिच्या वस्तीवरच्या तिघी. त्यांच्यामागे बरंच अंतर सोडून आणखी चौघी, आणि त्यांच्यामागं आवारभर चार-चारांची टोळकी कडुलिंबापासून फाटकापर्यंत उभी. किराणा दुकानदार होता. परगावी गेलेले हेडमास्तर होते. फाटकाबाहेर एक टेम्पो उभा होता आणि स्टिअरिंगवर दत्तू. त्याच्या गळ्यात डेपोचा पास लटकत होता. तो पास त्यानं काढून ठेवला नव्हता, याचं मला आजही कौतुक वाटतं.

"कोण आहेत या?" साहेबांनी विचारलं.

"मी सरू पानसंबळ. ह्या गेनूला वळखते."

"कशी ओळखता?"

"कशी म्हंजी? दरसाल अटक करतो मला."

कोर्टात खसखस पिकली. साहेबांनी टेबलावर पेन्सिल आपटली, पण सरूआक्काला पुढं येऊ दिलं.

"कशाबद्दल अटक करतो?"

"यंदा म्हन्ला, तुझ्या म्हशीनं सरकारी रस्त्यावर बिगरपरवाना रवंथ केला."

"मग तुम्हाला तो खरा पोलीस वाटला?"

"खरा?" आक्कानं पदर सावरला. "साह्यब, खरं आलं तवाच माझी फसगत झाली. हे फौजदारसाह्यब दारात आलं, मला वाटलं ह्याचा पुतन्या. मी बाजरी घातली सुपात."

आता हसू कुणालाच आवरेना, पथकातला एक अधिकारीसुद्धा तोंडावर रुमाल धरून खाली वाकला. नन्नावरे ताठ उभे होते. त्यांचे कान लालभडक झाले होते.

हशा विरल्यावर गुरसाळे साहेब त्यांच्याकडे वळले. "फौजदार, या माणसाला ताब्यात घेतलंत तेव्हा कारण सांगितलं होतंत?"

हो म्हणणं फार सोपं होतं. गेनूच्या शब्दाला कोण विचारणार होतं? सरकारी वकिलांनी तर मान हलवून त्यांना वाटही दाखवली.

"नाही, सर," नन्नावरे म्हणाले. "सांगितलं नव्हतं."

एवढं म्हणायला किती बळ लागलं असेल हे मला तेव्हा नीट कळलं नाही. नंतरच्या वर्षांत शेकडो फौजदार साक्षीला उभे राहिलेले पाहिले, तेव्हा कळलं.

"आरोपीला काही सांगायचंय?"

गेनू हात जोडून म्हणाला, "सरकार, मी खोटा पोलीस. पर मीबी कुनाला धरताना आधी गुन्हा सांगतो. सांगावाच लागतो. सांगितला की मानूस हसतो. न सांगता नुसताच हात धरला तर मानूस भितो. बायापोरं रडाय लागत्यात. मग त्यो खेळ ऱ्हात न्हाई."

गुरसाळे साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रविवारी याला माझ्या बंगल्यावर आणला तेव्हा हा प्रश्न मीच विचारायला हवा होता," ते म्हणाले. कोर्टात असं वाक्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही. मग त्यांनी टंकलेखकाला निकाल सांगायला घेतला. पथकाचा अर्ज फेटाळला. गेनूला त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडलं. डेपोच्या कुंपणापाशी त्यानं फिरकायचं नाही आणि डेपोनं फाटकावरचा पहारा सुधारावा, असंही सांगितलं. पोशाख आजच्या आज परत द्यावा, कारण त्याशिवाय तो पोट कसं भरणार, हे वाक्य त्यांनी निकालात घातलं.

पारूबाईनं मला मिठी मारली तेव्हा तिच्या अंगाला चुलीच्या धुराचा वास होता. नेवासकर साहेब माझ्या शेजारून जाताना थबकले. "हेतूचा मुद्दा आधी घ्यायला हवा होतात," एवढंच म्हणून गेले. त्यांचा ठराव कुणी रद्द केला नाही. तो बाररूमच्या भिंतीवर राहिला, त्यावर पुढं कुणीतरी कॅलेंडर लावलं आणि पुन्हा त्याचं नाव निघालं नाही. मी कडुलिंबाखाली टेबल टाकलं. पहिली दोन वर्षं कठीण गेली, पण गेली.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या व्हरांड्यातलं. नन्नावरे स्वतः गाठोडं घेऊन आले. कोट, टोपी, लाकडी पिस्तूल, पदकं. त्यांनी ते गेनूच्या हातात दिलं. "बघून घे. सगळं आहे ना?"

गेनूनं बघितलं. कोट अंगात चढवला, टोपी डोक्यावर ठेवली. पाच दिवसांचे पडलेले खांदे हळूहळू वर आले. तो फौजदारांकडे पाहून म्हणाला, "साह्यब, तुमी ऱ्हायला."

"काय राहिलं?"

"सगळं गाव धरलं मी. तुमालाच धरायचं ऱ्हायलं."

आत्ता कुठं याला सोडवला आणि हा पुन्हा आत जायची तयारी करतोय! कुसमाडे तर आपल्या बुटांकडे बघायला लागले.

नन्नावरे गेनूसमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "गुन्हा?"

गेनूला तोंडपाठ गुन्हे शंभर येत होते. त्यातला एकही त्यानं काढला नाही. तो विचार करत उभा राहिला आणि बोलला तेव्हा त्याच्या आवाजात खेळ नव्हता.

"गावात येऊन इतकं दिस झालं, पर तुमी एका घरचा च्या पिला न्हाई. कोन कशावर जगतो, कोन कुनाचं कोन, कुनाला इचारलं न्हाई. ज्या गावाची राखन करायची त्या गावाला वळखत न्हाई. ह्यो गुन्हा."

"शिक्षा?"

"आक्काच्या घरापासनं सुरू करायचं. दारोदार. मी दावतो घरं."

आवारातली टोळकी एकमेकांजवळ सरकून त्यांचा जमाव कधी झाला कुणालाच कळलं नव्हतं, आणि फौजदारांनीही तो पांगवला नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून कुसमाड्यांकडे दिली आणि दोन्ही हात पुढं केले.

गेनूजवळ बेड्या नव्हत्या. त्यानं त्यांचं मनगट हलकेच धरलं आणि दोघं कोर्टाच्या पायऱ्या उतरले. बायका बाजूला झाल्या. सरूआक्का पुढं होऊन घराकडे धावली, कारण दूध तापवायचं होतं. पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ निकाल ऐकले, काही मिळवलेही, पण शिक्षा ऐकून आपल्या पायांनी ती भोगायला निघालेला फौजदार तेवढा एकच पाहिला.